चार इंच उंच गाडी

आमच्या गावात रस्ता खाली करण्यापेक्षा गाडी वर करणं सोपं होतं, हे आज कोणाला सांगितलं तर हसतील. हसू देत. दोन हजार तीन साली आम्हाला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नव्हतं. गावात सगळेच शहाणे होते. सरपंच शहाणा, बैलबंड्या बनवणारा सुतार शहाणा, आणि या सगळ्यांत शहाणा मी, कारण माझ्याकडे डिझेल मेकॅनिकचं आयटीआयचं सर्टिफिकेट होतं आणि ते मी फ्रेम करून भिंतीवर लावलेलं होतं.

गाव सडक अर्जुनीच्या बाजूला, हायवेवरच्या ढाब्यापासून दोनेक किलोमीटर आत. बहुतेक रस्ता मुरमाचा, मग नाल्यावरचा रपटा, म्हणजे बुटका पूल, आणि रपट्यानंतर गावापर्यंत पांदण. या पांदणीतून पिढ्यान् पिढ्या धानाच्या बंड्या गेलेल्या. बंडीच्या चाकांनी दोन्हीकडे खोल चाकोऱ्या पडल्या आणि मधली माती तशीच उंच राहिली. बैलांना तिचा त्रास नव्हता, सायकलींना नव्हता, मोटारसायकली एका चाकोरीतून सरळ निघून जात. त्या उंचवट्याचा पहिला खरा शत्रू म्हणजे माझ्या मोठ्या भावाची पिकअप.

दादा बारा वर्षं गोंदियात एका राइस मिलवर ड्रायव्हर होता. दुसऱ्याचे ट्रक चालवले, रायपूरपर्यंत तांदूळ पोचवला, आणि या बारा वर्षांत एका कोंबडीलाही धक्का लावला नाही. त्या उन्हाळ्यात त्याने एक जुनी पिकअप विकत घेतली. घेतली त्याच दिवशी वाजतगाजत गावाकडे निघाला, रपटा ओलांडला, आणि पांदणीत वीस पावलं आत आल्यावर गाडीचं पोट त्या उंचवट्यावर असं बसलं की मागची चाकं नुसती फिरत राहिली. दहा माणसांनी ढकलून ती मागे काढली. तेव्हापासून राखणीच्या सोयीने गाडी हायवेवर ढाब्याच्या मागे उभी राहायची आणि गाडीमालक रोज दोन किलोमीटर पायी घरी यायचा. गावाला एवढं पुरेसं होतं.

"गाडी घेतली म्हनते गा यानं. कोनाले दिसली का?"

"दिसली असन. ढाब्यावर जेवाले जाते ती."

दादा हसून सोडून द्यायचा. पण त्याला हे लागत होतं, आणि का लागत होतं ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

आमचे बाबा वीस-बावीस वर्षं गावच्या पाटलाकडे सालदार होते, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारे गडी. पाटलाची बंडी तेच हाकायचे. चौदा-पंधरा वर्षांचे असताना, छप्पन साली, ते आपल्या बापाबरोबर पायी नागपूरला गेले होते आणि दीक्षा घेऊन पायीच परत आले होते. त्यानंतर एकही वर्ष त्यांनी दीक्षाभूमी चुकवली नाही. एसटीने जायचे, बहुतेक वेळा उभ्याने. आता गुडघे गेले होते, तरी जायचे. दादाच्या मनात एकच गोष्ट होती. या वर्षी बाबांना आपल्या दारातून, आपल्या गाडीच्या समोरच्या सीटवर बसवायचं आणि थेट नागपूरला उतरवायचं. गाडी धंद्यासाठी घेतली हे खरं, पण धंद्याबद्दल तो कधी दोन वाक्यं बोलला नाही. बोलायचा ते हेच.

"आपल्या दारातून बसवतो बाबाले."

बाबा म्हणायचे, "पाहू."

आता अक्कल असलेल्या कोणालाही सुचेल की तो उंचवटा खरडून काढावा. दीडशे पावलांचं काम. वीस माणसं, वीस फावडी, एक सकाळ. एकदा विहारातल्या बैठकीत कोणीतरी तसं बोलूनही दाखवलं. त्यावर सरपंच असे दचकले की जणू कोणी विहाराची भिंत पाडायला निघालं होतं.

"हात नोका लावू त्याले! रस्ता मंजुरीत आहे. श्रमदान केला त शासन म्हनन, झालाच ना तुमचा रस्ता. यादीतून नाव कटन."

सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. त्यानंतर आमच्या गावाने तो उंचवटा असा जपला जसा कोर्टाच्या केसमधला पुरावा जपतात. पावसाने एका जागी थोडा धुपला तर दोन म्हाताऱ्यांनी खरोखर काळजी व्यक्त केली. रस्ता वाईट राहिला पाहिजे, म्हणजे चांगला होईल, हे तत्त्व आम्ही बरीच वर्षं इमानदारीने पाळलं. रस्ता चांगला नाही म्हणून शासनाला शिव्याही तेवढ्याच इमानदारीने घातल्या.

मग राहिली गाडी. तिच्यावर कोणाची मंजुरी नव्हती.

इथे माझा प्रवेश. आयटीआय झाल्यावर मी हायवेवरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये आठ महिने काढले होते. त्यातले सात महिने रॉकेलमध्ये पार्ट धुण्यात गेले, पण हे गावाला सांगायची गरज मला कधी वाटली नाही. गावात मी 'इंजिनेर' होतो. पोळा झाला, पाऊस ओसरला, आणि मी एक काठी घेऊन पांदणीत गेलो. उंचवटा मोजला. मग ढाब्यावर जाऊन गाडीचं पोट मोजलं. परत येऊन चौकात सर्वांसमोर जाहीर केलं, "चार इंच. चार इंच वर केली त गाडी दारात."

करायचं काय, तर गाडी ज्या पोलादी पट्ट्यांच्या कमानींवर बसते त्या कमानी आणि खालचा आख यांच्यामध्ये चार इंचांचा एकेक गुटका, म्हणजे ठोकळा, ठेवायचा. चार चाकांना चार गुटके. लोखंडाचे करायचे तर गोंदियाला लेथवर जावं लागलं असतं, आणि गोंदियाच्या लेथवाल्याने दोन प्रश्न विचारले असते. मला प्रश्न नको होते. म्हणून मी बंड्या बनवणाऱ्या आमच्या सुताराकडे गेलो. त्याने धावड्याचा एक ओंडका काढला. धावडा म्हणजे ज्या लाकडाचा बंडीचा आख करतात ते. त्याच्यावर सुताराची वाकस मारली तर वाकस उडते.

"लोखंड वाकन," सुतार म्हणाला, "धावडा नाई वाकन."

दोन कारागिरांचं असं एकमत झालं की मग कोण अडवणार! लोहाराने लांब यू-बोल्ट वळून दिले. ढाब्यामागे जॅक लावून दोन दिवसांत आम्ही ती गाडी चारही पायांनी वर उचलली. बाबाही पाहायला आले होते. विडी ओढत खाली वाकून त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "बंडीचा आख वर उचलला त जू पन वर लागते गा. नाई त समदा ओझा बैलाच्या मानेवर येते."

मी म्हणालो, "बाबा, याले बैल नाई, इंजन आहे."

सगळे हसले. सुतार सर्वांत मोठ्याने हसला. बाबा पुन्हा विडीकडे वळले.

खरं सांगायचं तर पुस्तकात तीन पानं भरून जे लिहिलं होतं ते बाबांनी एका वाक्यात सांगितलं होतं. स्टेअरिंगच्या डब्यातून एक लांब दांडा चाकाकडे जातो. डबा गाडीच्या अंगाला, चाक खाली. गाडी वर गेली, चाक जागेवरच राहिलं, आणि जो दांडा आडवा असायचा तो उतरता झाला. मग चाक खड्ड्यात गेलं की तो दांडा ड्रायव्हरला न विचारता चाक वळवतो. तो धडा मी परीक्षेला ऑप्शनला टाकला होता.

पण गाडी दारात आली. हे नाकारता येत नाही. पांदणीतून ती अशी ऐटीत आली की उंचवटा तिच्या पोटाखालून चार बोटं अंतर ठेवून गेला आणि दोन्हीकडे उभी असलेली पोरं ओरडत सुटली. आम्ही लिंबू-मिरच्या बांधत नाही, नारळ फोडत नाही. मेणबत्त्या लावून त्रिसरण-पंचशील झालं. नंतर कोणीतरी मागच्या बाजूला एक जुना बूट लटकवला. तो नजर लागू नये म्हणून का, असं मी विचारलं तर म्हणाले, "नाई गा, असाच." बूट शेवटपर्यंत असाच लटकलेला राहिला.

बाबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. बॉनेटवर तळहात ठेवला. मग घरातून आपली बाज बाहेर ओढून आणली आणि गाडीच्या सावलीत टाकून पडले. दादा माझ्याकडे पाहून नुसता हसला. त्या हसण्यासाठी मी आठ इंचही वर केली असती.

मग एकेक गोष्ट सुरू झाली.

पहिली म्हणजे, गाडी सरळ जात असताना स्टेअरिंग तिरपं दिसू लागलं. त्याच्या मधोमधचं चिन्ह डावीकडे मान टाकून बसलेलं. दादाने विचारलं. मी म्हणालो, सवय होईल. त्याला सवय झाली. स्टेअरिंग वळवून धरलं की गाडी सरळ, आणि सरळ धरलं की बाजूच्या धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात.

दुसरी, खड्डा आला की गाडी आपल्या मनाने डावीकडे सरकायची. मी म्हणालो, टायर. डावीकडचे टायर उजवीकडे लावले. आता ती कधी डावीकडे सरकायची, कधी उजवीकडे. मी याला सुधारणा म्हटलं.

तिसरी, चाळीसच्या पुढे काटा गेला की स्टेअरिंग थरथरायचं. आधी बोटांत, मग मनगटात, मग खांद्यापर्यंत. गोंदियाहून परत आल्यावर दादा ओसरीवर बसून मनगटं चोळायचा. मी म्हणालो, "बसाले टाइम लागते, नवीन आहे." दहा वर्षं जुन्या गाडीबद्दल मी हे म्हणालो, आणि त्याने ऐकून घेतलं, कारण मी शिकलेला होतो.

गावाकडे आपापली मतं होतीच. सरपंचांचं मत, दादाला ट्रकची सवय आहे, लहान गाडी चालवायला हात हलका लागतो. सुताराचं मत, लोखंडात खोट असेल, धावड्यात नाही. शेजारच्या काकूचं मत कोणी विचारलं नव्हतं. ती दुधाची कॅन घेऊन मागे चढताना दोनदा घसरली आणि म्हणाली, "शिडी ठेव गा बापा. गाडी आहे का माचान?" राइस मिलवरचे हमाल तर हात जोडायचे. साधारण गाडीचा हौदा त्यांच्या खांद्याच्या उंचीला असतो. खांद्यावरचं पोतं तिथे सरळ सरकतं. आमच्या गाडीत ते वर फेकावं लागे. "भैया, हमारे लिए गुटका कहाँ लगाओगे? पाँव में?" असं एकाने विचारलं. दादाने हे घरी येऊन सांगितलं तेव्हा मला राग आला. हमालाला काय कळतं, असं मी म्हणालो.

आणि दर आठ दिवसांनी मी पाना घेऊन खाली शिरायचो. लाकूड वाळत होतं, आत दबत होतं, बोल्ट ढिले पडत होते. मी ते आवळायचो. याला मी सर्व्हिसिंग म्हणत असे.

दसऱ्याच्या आठ दिवस आधी दादा म्हणाला, "लंबा जाचं आहे, तुह्या मिस्त्रीले एकदा दाखवून आन." मी गाडी हायवेवर नेली. म्हातारा मिस्त्री पोतं अंथरून खाली शिरला आणि बराच वेळ बाहेरच आला नाही. आला तेव्हा चिंधीने हात पुसत बसला. मग विचारलं, "ये लकड़ी किसने डाली?"

"गाँव के बढ़ई ने," मी म्हणालो.

आठ महिन्यांत त्याने मला खोटं बोलायला कधी शिकवलं नव्हतं. ते मी घरूनच शिकून आलो होतो.

त्याने मला कॉलर धरून खाली वाकवलं आणि दाखवलं. ब्रेकचा रबरी पाइप ताणून दोरीसारखा झालेला. दांडा तिरपा. पुढच्या डाव्या गुटक्याला केसासारखी एक रेघ. "आज ही निकाल," तो म्हणाला. "खाली गाड़ी भी मत दौड़ा. और आदमी तो बिलकुल मत बिठाना. किसी दिन हाथ से छूट जाएगी."

"हाँ, उस्ताद."

गाडी घेऊन घरी आलो. दादा अंगणात बादली घेऊन समोरची सीट धूत होता. विचारलं, "का म्हने?"

मी म्हणालो, "ठीक आहे म्हने."

का म्हणालो ते मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे, आणि दर वेळी स्वतःला थोडं बरं उत्तर द्यायचा प्रयत्न केला आहे. गुटके काढले तर गाडी पुन्हा ढाब्यामागे. बाबांना दारातून बसवायचं राहून गेलं असतं. दादाचं मन मोडलं असतं. हे सगळं खरं आहे, पण हे दुसऱ्या आणि तिसऱ्या नंबरचं. पहिल्या नंबरचं कारण असं की गावाने विचारलं असतं, चार इंचांचा हिशोब कोणाचा होता? तीन-चार आठवडे मी चौकातून चालताना लोक बाजूला होत होते. ते मला गोड लागलं होतं. मी ठरवलं, नागपूरहून आल्यावर पाहू. त्या संध्याकाळी बोल्ट अर्धा आटा आणखी आवळले, आणि त्या केसासारख्या रेघेवर ग्रीस फासलं.

दसऱ्याच्या सकाळी उजाडताच गाडी दारात सजून उभी होती. निळा झेंडा, पांढरे कपडे घातलेली बावीस माणसं, डबे, मुरमुऱ्यांच्या पिशव्या, म्हाताऱ्या बायांच्या बसायला सतरंज्या. बाबा नवं धोतर-सदरा घालून आले, गाडीच्या दाराशी उभे राहिले आणि वर पाहू लागले. पायरी त्यांच्या मांडीला लागत होती. गुडघा तेवढा वाकत नव्हता. आम्ही विहारातून लोखंडी खुर्ची आणली. बाबा खुर्चीवर चढले, मग दोघांनी खालून हात लावून त्यांना आत सरकवलं. आत बसल्यावर त्यांनी सदरा सारखा केला आणि समोर पाहिलं. दादाने बाहेरून दार लावलं. लावलं म्हणजे हळू लावलं, आत झोपलेलं मूल असावं तसं.

मग मला म्हणाला, "समोर ये गा, तिघं मावते."

मी म्हणालो, "नाई, मी मागं बसतो. गर्दी सांभाळाले पाहिजे कोनीतरी."

आणि मी मागे जाऊन अगदी शेवटी बसलो, फाळक्याला लागून.

दादाने साकोलीपर्यंत पस्तीसच्या वर काटा जाऊ दिला नाही. मागून ट्रक हॉर्न देत, शिव्या देत निघून जात होते. मागे बाया भीमगीतं म्हणत होत्या. साकोली गेली आणि मागचे लोक कंटाळले. "चालव ना गा! दुपारा पोचवतो का आमाले?" कोणीतरी केबिनवर थापा मारल्या. सगळेच मारू लागले. मी मारल्या नाहीत, पण मारू नका असंही म्हणालो नाही. गाडीने वेग घेतला. पुढे डांबर उखडलेला एक पट्टा आला, पहिल्या खड्ड्याला गाडी डावीकडे सरकली, दादाने सावरली, दुसऱ्या खड्ड्याला पुढचा भाग थडथडायला लागला, आणि फाळक्यापर्यंत सगळी गाडी थरथरू लागली. गाणं थांबलं. ब्रेक लागला तशी गाडी डावीकडे ओढली गेली, भरावावरून खाली उतरली आणि लोंब्या धरलेल्या धानाच्या बांधीत घुसून चिखलात थांबली.

मी खाली उडी मारलेली होती. गाडी थांबायच्या आधी.

नशीब, बांधीत पाणी होतं. कोणाचं हाड मोडलं नाही. खरचटलं, मार लागला, आणि बावीस माणसांचे पांढरे कपडे कमरेपर्यंत चिखलाने भरले. एक म्हातारी आपला डबा शोधत रडत होती. बाबांचं कपाळ काचेवर आपटून लिंबाएवढं टेंगूळ आलं होतं. दादा दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून बसलेला होता. स्टेअरिंग अगदी सरळ होतं, महिनाभरात पहिल्यांदाच. चाकं मात्र भलतीकडे होती.

अर्ध्या तासात नागपूरची एक जादा एसटी आली. कंडक्टरने कपडे पाहिले, झेंडा पाहिला आणि सगळ्यांना घेतलं. दादा बाबांना धरून रस्त्यावर आणत होता.

"बाबा, अर्ध्या तासात काढतो मी गाडी. तुमी बसा थोडं. काढतो."

"मी गाडी पाहाले नाई निंगलो घरून," बाबा म्हणाले. बसच्या पायरीवर त्यांचा पाय सहज पडला. वर चढून ते वळले आणि दादाच्या हातांकडे पाहत म्हणाले, "बारा वर्षं ट्रक कसा देत होते गा तुले, ते लोक?"

बस गेली. दादा रस्त्यावर तसाच उभा राहिला.

ज्याचं धान आम्ही तुडवलं होतं तो शेतकरी बैलांच्या दोन जोड्या घेऊन आला. एक शब्द वाकडा बोलला नाही. बैलांनी गाडी मागे ओढत भरावावर आणली. मी जॅक लावून खाली शिरलो. पुढचा डावा गुटका उभा चिरला होता, त्याचं अर्धं फळकूट चिखलात पडलं होतं आणि आख एका बाजूला सरकला होता. सुतार बरोबर होता. धावडा वाकला नव्हता.

दादा उकिडवा बसून वाकून पाहत होता. चिरलेल्या जागी जुनं ग्रीस दिसत होतं. त्याने त्यावरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुले मालूम होता?"

मिस्त्रीशी खोटं बोलायला मला क्षणही लागला नव्हता. दादाशी का बोलता आलं नाही ते माहीत नाही. "हो," मी म्हणालो. "मिस्त्रीनं सांगतला होता. आठ दिवस झाले."

त्याने बोट पँटला पुसलं. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर मी मार खाल्ला असता.

"बाबा समोर बसले होते," तो म्हणाला. "आन तू मागं बसला."

त्याने पाना माझ्या हातात दिला. "काढ."

तिथेच रस्त्याच्या कडेला मी चारही गुटके काढले. गाडी खाली बसली आणि आम्ही नागपूरला न जाता परत ढाब्यावर आलो. पस्तीसनेही नाही, वीसने आलो. 

गावाचा निकाल सगळे नागपूरहून परतले त्या संध्याकाळीच लागला. दादाचा हात सुटला. सरपंच म्हणाले, मी सांगतच होतो, ट्रकची सवय. सुतार म्हणाला, चालवणाऱ्याला समजलं पाहिजे. माझ्याकडे कोणी बोट दाखवलं नाही, उलट दोघातिघांनी येऊन माझी समजूत घातली की तू एवढी मेहनत करून दिलेली गाडी याने बांधीत घातली. मी दादाकडे पाहिलं. त्याने एक वाक्य बोलायचं होतं. तो बोलला नाही. पहिले काही महिने मला वाटलं तो रागाने गप्प आहे. मग वाटलं, ते वाक्य मी बोलावं म्हणून तो थांबला आहे. दहा वर्षं होऊन गेली, मी बोललेलो नाही.

मध्ये रस्ता मंजूर होऊन झालासुद्धा. मशीन आलं आणि जो उंचवटा आम्ही इतकी वर्षं जपला तो अर्ध्या तासात सपाट करून गेलं. सरपंचांनी भाषण केलं, गावाच्या संयमाचं कौतुक केलं. आता डांबर थेट आमच्या दारापर्यंत आहे. दादाकडे दुसरी गाडी आहे, नवी, आणि तिचं पंक्चर काढायलाही तो गोंदियाला जातो. माझ्या हातात पाना तो देत नाही.

दर दसऱ्याला तो सकाळी समोरची सीट पुसतो आणि बाबांना विचारतो. बाबा पंचाहत्तरीकडे आलेत, काठीशिवाय उठता येत नाही. म्हणतात, "मी बसनं जातो." मग मी त्यांची पिशवी घेतो आणि ते माझ्या खांद्यावर हात ठेवून दोन किलोमीटर हायवेपर्यंत चालतात, कारण धाकट्यावर त्यांचा विश्वास आहे. दादाची गाडी रिकाम्या सीटसह दारात उभी असते.

पाहुणे आले की बाबा कधी कधी त्या दिवसाची गोष्ट काढतात. मी तिथेच बसलेलो असतो, दादाही असतो. "मोठ्याचा हात बरोबर नाई जी," बाबा सांगतात. "लहाना शिकलेला आहे. याच्या हाती दिली असती गाडी, त पोचलो असतो त्या दिवशी." पाहुणे माझ्याकडे कौतुकाने पाहतात. दादा चहाचे कप उचलून आत नेतो, आणि मी मान खाली घालून बसतो, लोकांना तो माझा विनय वाटतो.